जर्मनीत भारतीय लायसन्सवर गाडी चालवताना: पहिले सहा महिने आणि त्यानंतरची परीक्षा

आपण ज्याला सरसकट ‘लायसन्स’ म्हणतो, त्यासाठी जर्मन कायद्यात दोन वेगळे शब्द आहेत. गाडी चालवण्याची परवानगी म्हणजे ‘फारएअरलाउबनिस’, आणि ती परवानगी असल्याचे दाखवणारे कार्ड म्हणजे ‘फ्यूररशाइन’. नवख्या माणसाच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका या दोहोंची गल्लत केल्याने होतात. भारतातून आणलेल्या कार्डावर पुढच्या दहा-बारा वर्षांची मुदत छापलेली असू शकते. तरीही तुम्ही जर्मनीत राहायला आल्याला सहा महिने पूर्ण झाले की त्या कार्डामागची परवानगी जर्मन रस्त्यांपुरती संपते. कार्ड खोटे ठरत नाही आणि भारतात ते पूर्वीसारखेच चालते. फक्त इथल्या पोलिसांना ते दाखवून काही उपयोग नसतो.

पहिली पायरी: सहा महिने कधीपासून मोजायचे

ही मुदत तुम्ही जर्मनीत वास्तव्य सुरू करता त्या दिवसापासून धावू लागते. पत्त्याची नोंदणी, म्हणजे अनमेल्डुंग, हा त्या वास्तव्याचा पुरावा आहे; परंतु घर मिळायला उशीर झाला म्हणून नोंदणी दोन महिन्यांनी केली, तर मुदतही दोन महिन्यांनी सुरू होते असे समजू नये. माझा सल्ला असा की पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का पाहावा, त्यात सहा महिने मिळवावेत आणि येणारी तारीख दिनदर्शिकेत लाल पेनाने लिहून ठेवावी. मध्ये महिनाभर भारतात जाऊन आल्याने हे मोजमाप पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही.

एकूण मुक्काम बारा महिन्यांपेक्षा जास्त नसेल, उदाहरणार्थ कंपनीने अकरा महिन्यांसाठी पाठवले असेल, तर नेमणुकीचे पत्र दाखवून परवाना कार्यालयाकडे, म्हणजे फ्यूररशाइनश्टेलेकडे, आणखी सहा महिन्यांपर्यंतची वाढ मागता येते. ही वाढ आपोआप मिळत नाही. पहिली मुदत संपण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. कायमचे राहायला आलेल्यांना मात्र ती मिळत नाही.

काही लायसन्स पहिल्या दिवसापासूनच चालत नाहीत. शिकाऊ, म्हणजे लर्निंग लायसन्स, इथे ग्राह्य नाही. त्याचप्रमाणे जर्मनीत राहू लागल्यानंतर सुट्टीत भारतात जाऊन काढलेले नवे लायसन्सही ग्राह्य नाही, कारण ते मिळाले तेव्हा तुमचे वास्तव्य तिथे नव्हते. ‘इथली परीक्षा महाग आणि अवघड आहे, तेव्हा दिवाळीला गेलो की काढून आणतो’ हा बेत मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्यातून हाती येते ते निव्वळ एक कार्ड. याउलट, तीन महिन्यांसाठी भेटीला आलेल्या आईवडिलांचे वास्तव्य जर्मनीत नसल्यामुळे त्यांना आपल्या भारतीय लायसन्सवर मुक्कामाच्या काळात गाडी चालवता येते. फक्त पुढे सांगितलेली कागदपत्रे त्यांच्याजवळही हवीत.

दुसरी पायरी: गाडीत कोणते कागद हवेत

भारतीय लायसन्स जर्मन भाषेत नसल्यामुळे त्याच्यासोबत भाषांतर बाळगावे लागते. त्याची जागा आंतरराष्ट्रीय परवाना घेऊ शकतो, म्हणजे आरटीओकडून मिळणारी ती छोटी पुस्तिका. पण ती भारतातून निघण्यापूर्वी काढावी लागते. ती काढली नसेल तर एडीएसी ही मोटारचालकांची संघटना, किंवा अधिकृत शपथबद्ध भाषांतरकार, लायसन्सचे भाषांतर करून देतात.

इथेही कार्ड आणि परवानगी यांची गल्लत होते. आंतरराष्ट्रीय परवान्यावर एक वर्षाची मुदत असते आणि त्यावरून अनेकांचा समज होतो की वर्षभर निश्चिंत राहावे. प्रत्यक्षात ती पुस्तिका म्हणजे मूळ लायसन्सचे भाषांतर होय. मूळ कार्डाशिवाय तिला किंमत नाही आणि सहा महिन्यांनंतर मूळ कार्डच इथे चालत नसल्याने पुस्तिकेचे उरलेले महिने वाया जातात.

तिसरी पायरी: मुदत उलटल्यावर काय होते, हे आधीच माहीत असू द्या

सहा महिन्यांनंतर भारतीय लायसन्सवर गाडी चालवणे म्हणजे नियमभंगाची पावती भरून सुटण्याइतकी किरकोळ बाब नव्हे. जर्मन रस्ता वाहतूक कायद्याच्या कलम 21 नुसार परवानगीशिवाय गाडी चालवणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यासाठी एक वर्षापर्यंतचा तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो. जो मित्र आपली गाडी तुमच्या हातात देतो, त्यालाही तीच शिक्षा लागू होते. अपघात झाल्यास विमा कंपनी समोरच्याची भरपाई करते, पण नंतर तुमच्याकडून 5,000 युरोपर्यंतची रक्कम वसूल करू शकते. परदेशी नागरिकाच्या बाबतीत अशी नोंद पुढे व्हिसा किंवा नागरिकत्वाच्या अर्जात डोके वर काढू शकते, हा आणखी एक विचार.

आणि लायसन्स बदलून घेण्याचा अर्ज केला म्हणून मुदत थांबत नाही. अर्ज मेजावर पडलेला असताना सहा महिने संपले, तर त्या दिवसापासून तुम्ही केवळ शिकवणीच्या गाडीत, प्रशिक्षकाला शेजारी बसवूनच गाडी चालवू शकता. रविवारी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करणे हाही सुटकेचा मार्ग नाही, कारण सर्वांसाठी उघडी असलेली अशी जागा कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक रस्ताच असते. सराव करायचा असेल तर कुंपण घातलेली खास सराव मैदाने आहेत.

चौथी पायरी: उमश्रायबुंगचा अर्ज

परदेशी लायसन्सच्या जागी जर्मन लायसन्स मिळवण्याच्या प्रक्रियेला ‘उमश्रायबुंग’ म्हणतात. नियमावलीच्या परिशिष्ट 11 मध्ये काही देशांची यादी आहे आणि त्या देशांच्या लायसन्सधारकांना लेखी, प्रात्यक्षिक किंवा दोन्ही परीक्षांतून सूट मिळते. भारत त्या यादीत नाही. म्हणून वीस वर्षे गाडी चालवणाऱ्यालाही दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत एकच, पण मोलाची आहे: अगदी नव्याने शिकणाऱ्याला सक्तीचे असलेले वर्ग आणि ठरावीक तासांची शिकवणी तुम्हाला सक्तीची नाही. तरीही फारशूले, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल, निवडावेच लागते. कारण प्रात्यक्षिक परीक्षेत प्रशिक्षक शेजारी बसतो आणि गाडीही सहसा त्याचीच असते.

अर्जासोबत पासपोर्ट, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, बायोमेट्रिक फोटो, मूळ लायसन्स आणि त्याचे भाषांतर, डोळ्यांच्या तपासणीचा दाखला आणि प्रथमोपचाराच्या अभ्यासवर्गाचे प्रमाणपत्र लागते. आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका असली तरी अर्जासाठी सहसा स्वतंत्र भाषांतर मागतात. डोळ्यांची तपासणी, म्हणजे झेटेस्ट, चष्म्याच्या दुकानात काही मिनिटांत उरकते आणि तिचा दाखला दोन वर्षे चालतो. प्रथमोपचाराचा वर्ग पंचेचाळीस मिनिटांच्या नऊ तासिकांचा असतो व बहुधा एकाच शनिवारी पूर्ण होतो; मोठ्या शहरांत तो इंग्रजीतही मिळतो. कार्यालयाची भेटीची वेळ मिळणे, अर्जाची छाननी आणि परीक्षेची मंजुरी यांत अनेक आठवडे जातात. म्हणून घर लागताच, पहिल्याच महिन्यात अर्जाच्या तयारीला लागावे. पाचव्या महिन्यात जागे होणाऱ्याला नंतर काही महिने बस-ट्रामनेच फिरावे लागते.

दुचाकीचा वर्ग वेगळा असतो आणि त्याच्या परीक्षाही वेगळ्या असतात. मोटारीच्या ‘बी’ वर्गात साडेतीन टनांपर्यंतच्या आणि चालकाखेरीज आठ आसनांपर्यंतच्या गाड्या येतात.

पाचवी पायरी: लेखी परीक्षा

ही परीक्षा संगणकावर होते आणि ती जर्मनखेरीज बारा भाषांत देता येते. त्यांत इंग्रजी आहे, भारतीय भाषा एकही नाही. प्रश्न तीस असतात आणि प्रत्येक प्रश्नाला त्याच्या गांभीर्यानुसार दोषगुण ठरलेले असतात. दहा दोषगुणांपर्यंत तुम्ही उत्तीर्ण होता. मात्र पाच दोषगुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच झाली तरी अनुत्तीर्ण ठरता. एका प्रश्नाची दोन-तीन उत्तरेही बरोबर असू शकतात, आणि ती सगळी ओळखली तरच प्रश्न सुटतो. काही प्रश्नांत छोटी चित्रफीत दाखवतात आणि ती बंद झाल्यावरच प्रश्न समोर येतो.

अनुभवी चालकाला ही परीक्षा सोपी जाईल असे वाटते, पण अनुभव इथे फारसा कामी येत नाही. अधिकृत प्रश्नसंच हजाराहून अधिक प्रश्नांचा आहे आणि 1 एप्रिल व 1 ऑक्टोबर या तारखांना त्यात बदल होतात, त्यामुळे एखाद्या मित्राकडून घेतलेल्या जुन्या पुस्तकावर विसंबू नये. सरावाच्या ॲपवर रोज तासभर, असे तीन-चार आठवडे पुरतात. अनुत्तीर्ण झाल्यास साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा बसता येते. उत्तीर्ण झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते.

सहावी पायरी: प्रात्यक्षिक परीक्षेआधी मोडायच्या सवयी

शिकवणीचे तास सक्तीचे नाहीत म्हणून ते घेऊच नयेत, असा त्याचा अर्थ नाही. रोज कामावर जाताना बिनचूक गाडी चालवणारा माणूसही परीक्षेत नापास होतो, ते कौशल्य कमी पडल्यामुळे नव्हे, तर हातापायांत मुरलेल्या सवयींमुळे.

सगळ्यात आधी बाजू. जर्मनीत वाहतूक उजवीकडून चालते. रहदारीत हे लक्षात ठेवणे सोपे असते, कारण पुढची गाडी वाट दाखवते. धोका असतो तो रस्ता रिकामा असताना, म्हणजे पहाटे, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा एकपदरी रस्त्यावरून वळल्यावर. उजवे वळण लहान आणि डावे मोठे, एवढे मनाशी घोकत राहावे. पहिल्या आठवड्यात इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होणे अगदी स्वाभाविक आहे. त्याची लाज वाटू देऊ नये.

दुसरी गोष्ट मान वळवण्याची. मार्गिका बदलताना, वळताना, रस्त्याच्या कडेवरून निघताना केवळ आरशात पाहणे पुरेसे मानले जात नाही. खांद्यावरून मागे एक नजर टाकावी लागते. तिला ‘शुल्टरब्लिक’ म्हणतात. उजवीकडे वळताना ती विशेष महत्त्वाची, कारण तुमच्या उजवीकडच्या पट्ट्यातून सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराचा हक्क पहिला असतो आणि आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यात तो नेमका दडलेला असतो. परीक्षक मागच्या आसनावरून तुमची मान पाहत असतो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले असेल तर ते त्याला दिसत नाही, म्हणून मान ठळकपणे वळवावी.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘रेष्ट्स फोर लिंक्स’: डावीकडच्यापेक्षा उजवीकडचा आधी. ज्या चौकात सिग्नल नाही आणि अग्रक्रमाची पाटीही नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्या गाडीला प्रथम जाऊ द्यायचे, मग तिचा रस्ता तुमच्यापेक्षा कितीही अरुंद असो. आपल्याकडे मोठ्या रस्त्याचा मान मोठा असतो, त्यामुळे हा नियम डोक्यात शिरला तरी पायांत शिरायला वेळ लागतो. माझी पहिली परीक्षा याच नियमावर संपली. वस्तीतला तीसच्या वेगाचा शांत रस्ता, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, आणि त्यांच्या मधून उजवीकडे उघडणारी एक गल्ली. ती मला एखाद्या बंगल्याची वाट वाटली. तिच्यातून एक पांढरी व्हॅन हळूच डोकावली, मी ती थांबेल असे गृहीत धरले, आणि माझा पाय हलण्यापूर्वी प्रशिक्षकाचा पाय त्याच्या ब्रेकवर पडला. प्रशिक्षकाला हस्तक्षेप करावा लागला की परीक्षा तिथेच आटोपते. तेव्हापासून मी अशा वस्तीत प्रत्येक उजव्या फाट्यापाशी वेग कमी करून आत पाहतो.

या नियमालाही अपवाद आहेत आणि लेखी परीक्षेत नेमके तेच विचारतात. उजवीकडची वाट शेतातून येत असेल, उतरत्या कडेच्या फरशीवरून रस्त्यावर येत असेल किंवा मुलांच्या खेळासाठी राखलेल्या भागातून बाहेर पडत असेल, तर थांबायचे त्या वाटेवरच्या चालकाने. पांढऱ्या कडेच्या पिवळ्या चौकटीची, कोनावर उभी केलेली पाटी दिसली की तुम्ही अग्रक्रमाच्या रस्त्यावर आहात आणि ती पाटी रद्द होईपर्यंत हा हक्क टिकतो.

वेगाच्या बाबतीत एक पाटी नवख्यांना हमखास फसवते. गावाचे नाव लिहिलेली पिवळी पाटी माहितीपुरती लावली आहे असे वाटते, पण ती स्वतःच वेगमर्यादा आहे: ती ओलांडताच ताशी 50 किलोमीटर लागू होतात आणि 50 चा आकडा वेगळा लिहिलेला नसतो. नाव तिरप्या लाल रेषेने खोडलेली पाटी आली की वस्ती संपली आणि मर्यादा 100 झाली. आउटोबानवर, म्हणजे द्रुतगती महामार्गावर, काही भागांत मर्यादा नसली तरी 130 हा शिफारस केलेला वेग आहे, आणि उजवीकडून ओव्हरटेक करणे निषिद्ध आहे.

सिग्नलच्या लाल दिव्याशेजारी काळ्या पाटीवर रंगवलेला हिरवा बाण असेल तर लाल असतानाही उजवीकडे वळता येते, परंतु आधी गाडी पूर्ण थांबवल्यावरच. चाक फिरत असताना वळलात तर ते सिग्नल तोडणेच ठरते. थांब्यावर उभ्या बसचे चारही दिवे लुकलुकत असतील तर तिच्याशेजारून पायी चालण्याच्या वेगाने जायचे असते, समोरच्या दिशेने येणाऱ्यांनीसुद्धा. सायकलस्वाराला ओलांडताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर ठेवावे लागते. वर्तुळाकार चौकात शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही, बाहेर पडताना द्यायचा. हॉर्न हा धोक्याचा इशारा असून तो दैनंदिन संवादासाठी नाही. आणि समोरच्याने दिवे लुकलुकवले तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांबा’ असा नसून बहुधा ‘तुम्ही आधी जा’ असा असतो.

आउटोबानवर वाहतूक तुंबू लागताच, रुग्णवाहिकेचा आवाज येण्याची वाट न पाहता, सर्वांत डाव्या मार्गिकेतील गाड्यांनी डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून मधे वाट मोकळी ठेवायची असते. हीच ‘रेटुंग्सगासे’. ती न केल्यास किमान 200 युरोंचा दंड, दोन गुण आणि महिनाभर गाडी चालवण्यास बंदी होते. हे गुण फ्लेन्सबुर्ग येथील केंद्रीय नोंदवहीत जमा होतात आणि आठ झाले की परवानगीच काढून घेतात.

सातवी पायरी: परीक्षेचा दिवस

परीक्षा सुमारे 55 मिनिटांची असते आणि ती जर्मन भाषेतच होते. फार जर्मन लागत नाही, पण ‘लिंक्स आबबीगन’, ‘रेष्ट्स आबबीगन’ आणि ‘आनहाल्टन’ (डावीकडे वळा, उजवीकडे वळा, थांबा) हे शब्द कानावरून जाताक्षणी कळले पाहिजेत. परीक्षक काहीच बोलला नाही तर सरळ जायचे. सुरुवातीला गाडीविषयी एक-दोन प्रश्न येतात: दिवे कसे तपासाल, तेल कुठे पाहाल, टायरची नक्षी किती खोल हवी. शेवटच्याचे उत्तर किमान 1.6 मिलिमीटर.

कोणत्या गाडीवर परीक्षा द्यायची हे आधी ठरवावे. ऑटोमॅटिकवर दिली तर नव्या कार्डावर 78 हा संकेतांक येतो आणि तुम्ही ऑटोमॅटिक गाडीच चालवू शकता. 1 एप्रिल 2021 पासून मात्र बी 197 हा पर्याय आहे. त्यात गिअरच्या गाडीवर पंचेचाळीस मिनिटांचे किमान दहा तास आणि शाळेतच पंधरा मिनिटांची चाचणी पूर्ण केल्यास परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही हे बंधन लागत नाही.

उत्तीर्ण झाल्यावर जर्मन कार्ड देताना कार्यालय तुमचे भारतीय कार्ड ताब्यात घेते, म्हणून त्याची दोन्ही बाजूंची प्रत आधीच जपून ठेवावी. जर्मनीत नव्या चालकाला दोन वर्षांचा परिवीक्षा काळ असतो आणि त्या काळात रक्तातील मद्याची मर्यादा शून्य असते, 21 वर्षांखालील चालक सोडून इतरांसाठी ती 0.5 प्रतिसहस्र आहे. भारतीय लायसन्स मिळाल्यापासूनचा काळ या दोन वर्षांत धरला जातो, त्यामुळे जुन्या चालकांना हे बंधन बहुधा उरत नाही. नव्या कार्डावर पंधरा वर्षांनंतरची एक तारीख छापलेली असते. ती कार्डाची मुदत आहे, मोटारीच्या परवानगीची नव्हे. त्या तारखेआधी नवा फोटो देऊन कार्ड बदलून घ्यायचे असते आणि त्यासाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही.